‘ओन’चं ‘पोन’ कसं झालं: गेममधल्या हरण्याचा एक शब्द

आपला ईमेल पत्ता किंवा पासवर्ड कुठल्या डेटाचोरीत बाहेर पडलाय का, हे बघायचं असेल तर जाणकार बहुतेक वेळा एकाच साइटचं नाव घेतात: ‘हॅव आय बीन पोन्ड’. नावातले पहिले तीन शब्द शाळेतल्या इंग्रजीतले आहेत, चौथ्यापाशी मात्र गाडी अडते. पी, डब्ल्यू, एन, ई, डी. सुरुवातीच्या तीन अक्षरांत स्वरच नाही. उच्चार कसा करायचा ते कळत नाही, अर्थ लागत नाही, आणि घरातला जुना छापील इंग्रजी कोश उघडला तर त्यात हा शब्द सापडत नाही.

हा शब्द व्हिडिओ गेममधला. एकाने दुसऱ्याचा पार धुव्वा उडवला की जिंकणारा हरणाऱ्याला तो ऐकवायचा. ऐकवायचा म्हणजे खरं तर टाइप करून दाखवायचा, कारण हा शब्द तोंडात नव्हे, कीबोर्डवर जन्मला. आज सायबर सुरक्षेत काम करणाऱ्यांच्या बोलण्यात तो रोजचा आहे, आणि ज्यांनी आयुष्यात कधी गेम खेळला नाही अशा लोकांवरही तो वाचायची वेळ येते. त्याच्या प्रवासात मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती एक उलथापालथ: आधी हा शब्द जिंकणारा उच्चारायचा, आता हरलेला माणूस तोच शब्द घेऊन प्रश्न विचारतो. हे कसं झालं ते नीट उलगडून बघू.

आधी ‘ओन’ होता

‘पोन’ (पी, डब्ल्यू, एन) हे ‘ओन’चं (ओ, डब्ल्यू, एन) बिघडलेलं रूप. ‘ओन’ म्हणजे मालकीचं असणं. एखादा खेळाडू समोरच्याला पुन्हा पुन्हा, सहज हरवत असेल तर इंग्रजीत म्हणतात की तो समोरचा याच्या मालकीचा झालाय. आपण अशा वेळी ‘खिशात घातला’ म्हणतो. पण हरवण्याचे आपले बरेचसे वाक्प्रचार तालमीतून आलेले आहेत: चितपट केला, आस्मान दाखवलं, धोबीपछाड दिली, लोळवला. त्यांत हरणाऱ्याचं शरीर दिसतं. पाठ मातीला लागली, डोळ्यांसमोर आभाळ आलं, कुस्ती संपली. उठायचं, अंग झटकायचं, पुढच्या जत्रेत पुन्हा उतरायचं. ‘ओन’मध्ये शरीर नाही. त्यात हरलेल्यावरचा ताबा आहे. हरलेला माणूस, त्याची जागा, त्याचं सामान, सगळं आता माझं, आणि त्याला काही बोलायचा हक्क उरलेला नाही.

हा अर्थ संगणकांच्या जगात तर अक्षरशः लागू पडतो. युनिक्स या प्रणालीत प्रत्येक फाइलला एक मालक असतो. मालक बदलण्यासाठी वेगळी आज्ञाही आहे, तिचं नाव ‘चेंज ओनर’चं आखूड रूप. सगळ्या मालकांच्या वर एक खातं असतं, त्याला ‘रूट’ म्हणतात. ज्याच्या हातात रूट आहे तो कुणाचीही फाइल वाचू शकतो, पुसू शकतो, इतरांना बाहेर काढू शकतो आणि आपण आत आलो होतो याच्या खुणाही मिटवू शकतो. त्यामुळे परक्या यंत्रावर कुणी रूट मिळवलं की हॅकरांच्या भाषेत ते यंत्र त्याने ‘ओन’ केलं. यंत्र असतं विद्यापीठाच्या किंवा कंपनीच्या खोलीत, वीजबिल तेच भरतात, पण हुकूम दुसऱ्याचा चालतो.

असा ताबा मिळतो कसा, याचं एक जुनं उदाहरण बघण्यासारखं आहे. २ नोव्हेंबर १९८८ रोजी रॉबर्ट टॅपन मॉरिस या कॉर्नेल विद्यापीठातल्या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम इंटरनेटवर सोडला. तो एका यंत्रावरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला. पसरण्याच्या त्याच्या वाटांपैकी एक ‘फिंगर’ नावाच्या सेवेतून जात होती. ही सेवा अगदी साधी: अमुक माणूस आत्ता संगणकावर आहे का, एवढं विचारायचं आणि उत्तर घ्यायचं. येणारा प्रश्न साठवायला प्रोग्रामने ५१२ बाइट जागा राखून ठेवली होती. पण प्रश्न तेवढ्यात मावतोय का, हे तो तपासत नव्हता. नाव विचारणाऱ्या माणसाला ५१२ बाइट भरपूर झाले, असं प्रोग्राम लिहिणारा धरून चालला असणार.

मॉरिसच्या प्रोग्रामने त्याहून लांब मजकूर पाठवला. राखलेली जागा भरली आणि उरलेला मजकूर पुढच्या जागेत घुसला. त्या पुढच्या जागेत काय होतं? हातातलं काम झाल्यावर कुठे परत जायचं, तो पत्ता. हा पत्ता पुसला जाऊन त्या जागी पाहुण्याने दिलेला पत्ता बसला, आणि तो पाहुण्याने पाठवलेल्या मजकुराकडेच बोट दाखवत होता. त्या मजकुरात आज्ञा दडवलेल्या होत्या. यंत्राने काम संपवलं, परतीचा पत्ता वाचला आणि मुकाट्याने पाहुण्याच्या आज्ञा पाळायला लागलं. पासवर्ड कुणी विचारला नाही, कुलूप कुणी तोडलं नाही. १९९६ मध्ये ‘फ्रॅक’ या हॅकरांच्या ई-मासिकात ही युक्ती पायरीपायरीने समजावणारा लेख आला, आणि मग ती शिकणाऱ्यांची एक अख्खी पिढी तयार झाली. ‘ओन’ हा शब्द याच काळात, याच मंडळींमध्ये रुळला.

शून्याचा ओ आणि नंबर प्लेटवरचा दादा

‘ओन’ला ‘पोन’ व्हायला ज्या मातीची गरज होती ती या मंडळींनी आधीच तयार करून ठेवली होती. १९८० च्या दशकात, आजचं वेब यायच्या आधी, लोक फोनच्या तारेवरून एकमेकांच्या संगणकांना जोडून बुलेटिन बोर्ड चालवत. काही बोर्डांवर मोजक्या लोकांना खास प्रवेश मिळे, आणि अशा वरच्या वर्गाला म्हणत ‘एलीट’. हा शब्द घासून ‘लीट’ झाला आणि मग आकड्यांत लिहिला जाऊ लागला: १३३७. इथे आकडे इंग्रजी वळणाचे डोळ्यांसमोर आणायचे. एक म्हणजे एल, तीन म्हणजे आरशातला ई, सात म्हणजे टी. झालं ‘लीट’. शब्दावर नजर ठेवणाऱ्या चाळणीला चकवा द्यायला आणि नवख्याला बाहेर ठेवायला हे लिखाण सोयीचं होतं. त्यात ओच्या जागी शून्य टाकून ‘ओन’ लिहायचीही पद्धत होती.

आपल्या रस्त्यांवर हीच लिपी धावते. ४१४१ हा नंबर इंग्रजी आकड्यांत थोडा वळवून रंगवला की तो ‘दादा’ दिसतो, २१४ चा ‘राम’ होतो, ८०५५ चा इंग्रजी ‘बॉस’ होतो. आरटीओच्या नियमात हे बसत नाही, तरी प्लेट रंगवणाऱ्याला काय करायचं ते समजावून सांगावं लागत नाही आणि बघणाऱ्यालाही वाचायला क्षण लागत नाही. लीटचा आनंद नेमका हाच: आकडा आहे, पण ज्याला माहीत आहे त्यालाच अक्षर दिसतं.

ही गंमत पुढे बरीच लांब गेली. १९९८ मध्ये ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या हॅकर गटाने दुसऱ्याचा विंडोज संगणक दुरून चालवता येईल असा ‘बॅक ऑरिफिस’ हा प्रोग्राम बाहेर काढला, तेव्हा त्यासाठी पोर्ट क्रमांक, म्हणजे संगणकात शिरायच्या दाराचा नंबर, निवडला ३१३३७. वाचून बघा, ‘एलीट’. आणि २००७ साली मेरियम-वेबस्टर या अमेरिकन कोशाने वर्षाचा शब्द म्हणून निवडला तो गेमरांचा विजयाचा चीत्कार ‘वूट’, तोही मध्ये दोन शून्य घालून लिहिलेला. चुकीचं स्पेलिंग ही इथे लाज नव्हती, ओळखपत्र होतं. एवढी गोष्ट लक्षात ठेवली की पुढचं कोडं सुटतं.

करंगळी आणि अनामिका

इंग्रजी कीबोर्डची वरची ओळ उजवीकडे ओ आणि पी या अक्षरांनी संपते. दहा बोटांनी टाइप करणारा ओ अनामिकेने दाबतो आणि पी करंगळीने. हात जरासा उजवीकडे सरकलेला असला की ओच्या जागी पी पडतो. ‘ओन’ लिहायला गेलं की ‘पोन’ उमटतं. बस, एवढंच.

आता हा शब्द कुठे लिहिला जात होता ते बघा. काउंटर-स्ट्राइक हा बंदुकींचा गेम १९९९ मध्ये आधी दुसऱ्या एका गेमचं फेरफार केलेलं रूप म्हणून आला आणि २००० मध्ये रीतसर विक्रीला आला. त्यात सगळ्यांना दिसेल असं काही लिहायचं तर आधी ‘वाय’ दाबायचा. तो दाबला की कीबोर्ड लिहिण्यासाठी अडकतो. ज्या बटणांनी चालायचं, पळायचं, तीच आता अक्षरं काढतात. माउसवरचा उजवा हात उचलून कीबोर्डवर आणावा लागतो. तेवढा वेळ आपला खेळाडू जागच्या जागी उभा, नेम धरणाऱ्याला आयता. अशा वेळी समोरच्याला डिवचायचं तर दोन सेकंदांत डिवचायचं, एंटर मारायचा आणि हात परत माउसवर. स्पेलिंग तपासत कोण बसणार? पुण्या-मुंबईच्या सायबर कॅफेंत तासाच्या भाड्याने हा गेम खेळलेल्यांना ती घाई आजही आठवत असेल.

मराठी इनस्क्रिप्टने टाइप करणाऱ्यांसाठी सांगतो: आपल्याकडे ओच्या बटणावर ‘द’ आहे आणि पीच्या बटणावर ‘ज’. म्हणजे करंगळीने हाच घोटाळा मराठीत केला तर ‘देव’चा ‘जेव’ होतो. फरक असा की आपण तो बॅकस्पेस मारून दुरुस्त करतो. गेमरांनी दुरुस्त केला नाही. चूक मुद्दाम ठेवली, आणि जे आधीच शून्याने ओ लिहीत होते त्यांना पीने ओ लिहिणं मुळीच परकं वाटलं नाही.

आता ती प्रसिद्ध दंतकथा. वॉरक्राफ्ट या गेममध्ये खेळाडूंना स्वतःचे नकाशे, म्हणजे खेळाची मैदानं, बनवता येत. अशा एका नकाशाच्या कर्त्याने ‘अमका ओन झाला’ असा संदेश लिहिताना चुकून ‘पोन’ लिहिलं. मग संगणकाने खेळाडूला हरवलं की दर वेळी तीच चूक पडद्यावर यायची आणि तिथून ती जगभर गेली. ही गोष्ट गेमरांच्या गप्पांत हटकून येते आणि सांगायला छानच आहे. पण तो नकाशा कुठला, कर्ता कोण, साल कोणतं, याचा ठोस पुरावा कुणी पुढे ठेवलेला नाही. मला ती पटत नाही, आणि कारण पुराव्याच्या अभावाहून साधं आहे: या शब्दाला एक जन्मदाता लागतच नाही. दोन बटणं शेजारी आहेत, शब्द सतत लिहिला जातोय, लिहिणारा घाईत आहे, तर ही चूक हजारो जणांच्या हातून आपापली झाली असणार. प्रश्न चूक आधी कुणी केली हा नाहीच. ती टिकली का, हा आहे, आणि त्याचं उत्तर लीटच्या ऐटीत आहे.

दंतकथेत वॉरक्राफ्टच का आला, याबद्दल माझा एक कयास आहे. २००२ च्या ‘वॉरक्राफ्ट ३’ या गेमवर लोकांनी बनवलेला सगळ्यात गाजलेला नकाशा म्हणजे डोटा. त्यात कुणी कुणाला मारलं की पडद्यावर ओळ झळकायची, अमक्याने तमक्याचं डोकं ‘पोन’ केलं आणि इतकं सोनं मिळवलं. तोवर शब्द जुना झालेला होता आणि ओळ मुद्दाम लिहिलेली होती. पण ज्याने हा शब्द पहिल्यांदा तिथेच पाहिला त्याला वाटणारच की जन्म इथलाच.

दुसरी एक व्युत्पत्ती बुद्धिबळातली सांगतात: इंग्रजीत प्याद्याला ‘पॉन’ म्हणतात, म्हणून समोरच्याला प्यादं करून टाकलं, तो झाला ‘पोन’. ऐकायला अर्थपूर्ण वाटतं. पण ‘पोन’ची सगळी भावंडं ‘ओन’च्या घरातली आहेत. ‘ओनेज’वरून ‘पोनेज’, ‘ओन्ड’वरून ‘पोन्ड’, वापरायची पद्धत तीच, वाक्यातली जागा तीच. प्याद्याशी नातं नंतर कानाने जुळवलेलं आहे. (इंग्रजी ‘पॉन’ लॅटिनमधल्या पायदळाच्या शिपायावरून आला आणि आपलं प्यादं फारसीतल्या ‘पियादा’वरून, दोन्हींच्या मुळाशी पायच आहे. पण तो वेगळा विषय.)

उच्चाराचं काय? लिहिण्यातून जन्मलेल्या शब्दाला उच्चार नंतर शोधावा लागतो, त्यामुळे ‘पोन’, ‘पॉन’, ‘पून’ असं सगळं ऐकू येतं. सर्वाधिक चालतो तो ‘पोन’, म्हणजे ‘ओन’च्या आधी प. याचा एक मजेशीर पुरावा आहे. संगणक सुरक्षेतल्या सर्वोत्तम आणि सर्वात फजितीच्या कामगिरीला २००७ पासून ‘पोनी अवॉर्ड्स’ दिले जातात, स्पेलिंग याच शब्दाचं, आणि बक्षीस म्हणून हातात मिळतो रंगवलेला खेळण्यातला पोनी, म्हणजे तट्टू. उच्चार ‘पोन’ नसता तर ही कोटी जमलीच नसती.

हरल्याचं कोण सांगतं?

गेममध्ये हरण्याजिंकण्याचे इतरही शब्द आहेत, आणि ते कुणाच्या तोंडी असतात हे बघितलं की ‘पोन’ची जागा नीट कळते. ‘जीजी’ घ्या, ‘गुड गेम’चं आखूड रूप. दक्षिण कोरियात १९९८ च्या ‘स्टारक्राफ्ट’चे सामने टीव्हीवर दाखवले जात, तिथे हरणारा खेळाडू स्वतः ‘जीजी’ टाइप करून हार मान्य करायचा. अजून सैन्य उरलेलं असतं, पण पुढे काय होणार हे त्याला दिसतं, आणि तो दोन अक्षरं लिहून बाहेर पडतो. कुस्ती संपल्यावर हात मिळवावा तसा हा शब्द. त्याच्यापुढे ‘ईझी’ जोडलं की मात्र त्याचा टोमणा होतो, ‘चांगला खेळ झाला, फार सोपा गेला’. ‘ओव्हरवॉच’ या गेमच्या कंपनीने यावर छान उपाय केला होता: कुणी हा टोमणा टाइप केला की त्याच्या जागी आपोआप भलतंच, लिहिणाऱ्यालाच बापुडवाणं करणारं वाक्य उमटायचं. ‘रेक्ट’ हा ‘मोडून टाकलेला’ या इंग्रजी शब्दाचा कानाने लिहिलेला अवतार, तोही जिंकणाऱ्याच्याच तोंडचा.

‘पोन’ याच दुसऱ्या जातीतला. ‘मी तुला पोन केलं.’ कर्ता जिंकणारा, कर्म हरणारा. आणि हरणाऱ्याला ते तिथल्या तिथे कळलेलं असतं, कारण त्याचा खेळाडू समोर जमिनीवर पडलेला असतो. पुढे हा शब्द गेममधून बाहेर पडला तेव्हा नेमकं हेच बदललं.

सुरक्षेच्या जगात तो पोचला यात नवल नाही, कारण ‘ओन’ मुळात तिथलाच आणि दोन्हीकडची पोरं बरीचशी तीच. २००७ मध्ये कॅनडातल्या व्हँकूव्हर शहरात कॅनसेकवेस्ट या परिषदेत ‘पोन टू ओन’ ही स्पर्धा सुरू झाली. नावातच नियम आहे: यंत्र पोन करा, ते तुमच्या मालकीचं. आधी लॅपटॉप ठेवले जायचे. मार्च २०१९ मध्ये टेस्लाची मॉडेल ३ गाडी ठेवली आणि दोन संशोधकांच्या जोडीने तिच्या ब्राउझरमधली खोट वापरून ती खरोखरच जिंकली. सापडलेली खोट कंपनीला कळवली जाते आणि ती बुजवली जाते, म्हणजे हरल्याने हरणाऱ्याचाच फायदा होतो. विद्यार्थ्यांच्या ‘कॅप्चर द फ्लॅग’ या हॅकिंगच्या स्पर्धांमध्ये ‘पोन’ नावाचा एक वेगळा विभागच असतो. त्यात बरेचसे प्रश्न मॉरिसच्या जातीचे, राखलेल्या जागेबाहेर मजकूर सांडवून परतीचा पत्ता बदलण्याचे. टोमण्याचा असा अभ्यासविषय झाला.

‘मी पोन झालोय का?’

ऑक्टोबर २०१३ मध्ये अडोबी कंपनीच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचं उघड झालं. बाहेर पडलेल्या नोंदी होत्या सुमारे १५ कोटी ३० लाख. पासवर्ड सांकेतिक रूपात होते, पण अशा पद्धतीने की दोन माणसांचा पासवर्ड सारखा असेल तर त्यांचं सांकेतिक रूपही सारखंच दिसायचं. आणि पासवर्ड आठवायला लोकांनी लिहून ठेवलेल्या खुणा मात्र उघड्या, वाचता येतील अशा. म्हणजे एकच सांकेतिक रूप असलेल्या शेकडो जणांच्या खुणा एकाखाली एक मांडायच्या, कुणी लिहिलंय ‘नेहमीचाच’, कुणी ‘कुत्र्याचं नाव’, कुणी सरळ उत्तरच, आणि कोडं सुटलं. एका बेसावध माणसाने बाकी सगळ्यांचा पासवर्ड उघडा केला. हा प्रकार समजून घेताना मला नेहमी वाईट वाटतं, कारण यात बाकीच्यांनी काहीच चूक केलेली नव्हती.

हे सगळं तपासणाऱ्यांत ट्रॉय हंट हा ऑस्ट्रेलियन सुरक्षातज्ज्ञ होता. वेगवेगळ्या चोऱ्यांत तेच ते ईमेल पत्ते पुन्हा पुन्हा दिसतात, हे त्याच्या लक्षात आलं, आणि डिसेंबर २०१३ मध्ये त्याने ‘हॅव आय बीन पोन्ड’ सुरू केली. सुरुवातीला फक्त पाच चोऱ्यांची माहिती होती. आपला पत्ता टाकायचा. तो कुठल्या ज्ञात चोरीत असेल तर साइट चोरीचं नाव, तारीख आणि काय काय गेलं ते सांगते. भारतातल्या मोठ्या चोऱ्याही तिथे आहेत: २०१७ ची झोमॅटोची, २०२० ची बिगबास्केटची, २०२१ ची डॉमिनोज इंडियाची. किराणा आणि पिझ्झा घरी मागवणाऱ्या किती मराठी घरांचे पत्ते त्यात असतील, याचा विचार आपण फारसा करत नाही.

आता नावाकडे पुन्हा बघा. ‘मी पोन झालोय का?’ वाक्यात जिंकणारा कुठेच नाही. तो कोण, कुठला, याचा पत्ता नाही, आणि त्याने येऊन डिवचलेलंही नाही, कारण त्याचा फायदा गप्प राहण्यात आहे. हरणाऱ्याला आपण हरलो हेच ठाऊक नाही, म्हणून तो विचारतोय. शिवाय त्याने खेळायला होकार कधी दिला होता? त्याने फक्त कुठेतरी खातं उघडलं होतं. गेममध्ये पोन होणं म्हणजे पुढच्या डावापर्यंतची फजिती. इथे ताबा खरा आहे: तुमच्या नावाचं, जन्मतारखेचं, मोबाइल नंबराचं गाठोडं तुमच्या नकळत विकलं जातंय. ‘हॅक झालं’ म्हटलं की यंत्राचं काहीतरी झालं असं वाटतं. ‘पोन झालो’ म्हटलं की माणसाचं झालं हे कळतं. टवाळीचा शब्द असूनही तो इथे नेमका बसतो, असं मी मनापासून मानतो.

याच साइटवर पासवर्ड तपासायचीही सोय आहे, आणि ती कशी चालते हे कळल्यावर वापरायची भीती जाते. तुम्ही लिहिलेला पासवर्ड तुमच्याच यंत्रावर एका गणिती क्रियेतून जातो आणि त्याचं ४० चिन्हांचं रूप तयार होतं. त्यातली फक्त पहिली पाच चिन्हं साइटकडे पाठवली जातात. ‘पासवर्ड’ हाच इंग्रजी शब्द कुणी पासवर्ड म्हणून ठेवला असेल तर ती पाच चिन्हं होतात ‘५बीएए६’. अशा पाच चिन्हांच्या जोडण्या १०,४८,५७६ होतात. साइट त्या जोडणीने सुरू होणाऱ्या, चोरीत सापडलेल्या सगळ्या पासवर्डांची उरलेली ३५-३५ चिन्हं परत पाठवते, आणि त्यात आपलं आहे का, हे तुमचं यंत्र स्वतःच बघतं. साइटला तुमचा पासवर्ड कळत नाही, तो सापडला की नाही हेही कळत नाही.

मार्च २०२५ मध्ये खुद्द हंटवर हा प्रसंग आला. प्रवासाने थकलेला, लंडनमध्ये, त्याला मेलचिंप या, यादीतल्या सगळ्यांना एकदम मेल पाठवणाऱ्या सेवेच्या नावाने मेल आला की तुमच्याबद्दल तक्रार आली आहे, म्हणून मेल पाठवण्याची सोय थांबवली आहे. त्याने दुव्यावर जाऊन नाव, पासवर्ड आणि एकदाच वापरायचा कोडही भरला. साइट खोटी होती. काही मिनिटांत त्याच्या वाचकांची सुमारे १६,००० पत्त्यांची यादी चोरांनी उतरवून घेतली. एक खूण त्याला दिसली होती आणि निसटली: त्याच्या पासवर्ड मॅनेजरने, म्हणजे पासवर्ड जपून ठेवणाऱ्या प्रोग्रामने, त्या पानावर पासवर्ड आपोआप भरला नव्हता, कारण पत्ता खरा नव्हता. त्याने हे सगळं लगोलग जाहीर लिहिलं आणि आपल्याच साइटवर आपल्याच यादीची चोरी नोंदवली. इतरांना ‘तुम्ही पोन झालात’ सांगणाऱ्याने तोच नियम स्वतःला लावला, आणि माझ्या मनात त्याच्याबद्दलचा आदर त्यामुळे वाढला.

साइटवर पत्ता टाकून बघाच, घरातल्या मोठ्यांचाही टाका. सापडला तर घाबरून खातं बंद करायची गरज नसते. ज्या ठिकाणची चोरी आहे तिथला पासवर्ड बदला, आणि तोच पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल तर तिथलाही, कारण चोर सगळ्यात आधी एका ठिकाणची किल्ली दुसऱ्या दारांना लावून बघतात. ईमेलचा पासवर्ड सगळ्यांपेक्षा वेगळा ठेवा, कारण बाकी खात्यांचे पासवर्ड बदलायचे दुवे तिथेच येतात. दोन टप्प्यांची पडताळणी जिथे मिळेल तिथे चालू करा. आणि काहीच सापडलं नाही, तर त्याचा अर्थ एवढाच की आतापर्यंत उघड झालेल्या आणि साइटपर्यंत पोचलेल्या चोऱ्यांत तुमचा पत्ता नाही. न उघड झालेल्या चोरीबद्दल तिथे काही लिहिलेलं नसतं, म्हणून अधूनमधून पुन्हा बघावं लागतं, किंवा नवी चोरी सापडली तर मेल यावा म्हणून तिथेच नाव नोंदवून ठेवता येतं.